मन्मथअप्पांचा उजवा पाय

पूर्णेत स्टेशनकडून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर मन्मथअप्पांचं दोरखंडाचं दुकान आहे. सुतळी, कासरे, दावी, वेसणी, घुंगरमाळा आणि अलीकडे नायलॉनचे रंगीत दोर. या दुकानात जाऊन तुम्ही विचारलंत, "अप्पा, हा कासरा टिकंल का?" तर अप्पा लगेच हो म्हणत नाहीत. "उद्या या. अंगाला विचारून सांगतो," म्हणतात.

आणि खरंच विचारतात. नायलॉनचा दोर पहिल्यांदा आला तेव्हा पेडगावकडच्या एका शेतकऱ्याला तो मारक्या गोऱ्ह्यासाठी हवा होता. अप्पांनी दोराचं एक टोक दुकानासमोरच्या लिंबाला बांधलं, दुसऱ्या टोकाचा फास मानेमागून दोन्ही काखांतून घेतला आणि भर बाजारात बैलासारखे ओढत राहिले. चहावाला चहा ओतायचं विसरला. दुसऱ्या दिवशी शेतकरी आला तेव्हा अप्पांच्या मानेवर बोटाएवढा लाल वळ होता. "दोर तुटत न्हाई," ते म्हणाले, "पण मान सोलतो. तुमी सुताचाच न्या."

आतून काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, ओरडल्या, "बैलाचं बरं हाय, त्याच्यासाठी इचारायला अप्पा हाईत. अप्पाच्या मानेला कोण इचारतं?"

या अप्पांकडे मी आठ वर्षं कराटे शिकले. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुठेही गेले तरी सांगते, लाज वाटायचं काही कारण नाही. बाबा मेंढरांमागे, आई कधी मेंढरांमागे तर कधी दुसऱ्याच्या कापसात, आणि मी बी.एस्सी. पास. लोक विचारतात, एवढं कुणामुळे झालं? आई-बाबांमुळे झालं, शाळेमुळे झालं. पण एखादी गोष्ट ठरवायची कशी, ते मी एका दोर विकणाऱ्या माणसाकडे बघून शिकले.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा अप्पा पंचेचाळिशीच्या पुढे होते. उंची बेताची, पोट किंचित सुटलेलं, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यातलं लिंग पांढऱ्या कापडात बांधून छातीशी घट्ट. बघणाऱ्याला वाटावं, हे गृहस्थ आता कुणाच्या तरी घरी शिवपाठाला निघालेत. तरुणपणी ते हैदराबादला मामांच्या दोरखंडाच्या पेढीवर होते. तिथे एका उस्तादांकडे कराटे शिकले, ब्लॅक बेल्ट घेतला आणि पूर्णेला परत आले. यापलीकडे त्यांनी स्वतःबद्दल कधी काही सांगितलं नाही.

बाबा त्यांच्याकडे दावी घ्यायला जायचे. एकदा मलाही घेऊन गेले. मी पाचवीत होते.

"अप्पा, पोरगी एकटी मेंढरामागं असती. कुत्री येतेत. माणसं बी येतेत."

अप्पांनी दाव्याची गाठ मारता मारता माझ्याकडे बघितलं. "पळायला येतं का माय?"

"येतं."

"अन् थांबायला?"

थांबायला काय यायचं असतं, मला कळेना. मी बाबांकडे बघितलं. बाबा दाव्याकडे बघायला लागले.

"पळायला सगळ्यांलाच येतं," अप्पा म्हणाले. "आमी थांबायला शिकवतो. उद्यापासून ये. सांजच्याला पाच वाजता."

दुकानाच्या मागे गोदाम होतं. एका बाजूला सुतळीच्या गाठोड्यांची थप्पी, दुसऱ्या बाजूला शेणाने सारवलेली जमीन. तिथे आम्ही वीस-बावीस जण. रेल्वे कॉलनीतली मुलं, बाजारातली, आमच्यासारखी गावाबाहेरची. ओळ पट्ट्याप्रमाणे लागायची. पुढे तपकिरी पट्टा, मग निळा, हिरवा, पिवळा आणि सगळ्यात शेवटी पांढरा. कुणाचा बाप कोण, हे त्या ओळीत विचारलं जायचं नाही. रेल्वेतल्या साहेबाचा मुलगा पांढऱ्या पट्ट्यात शेवटी उभा राहायचा आणि हमालाची मुलगी पुढे. अप्पा सगळ्यांना वाकून नमस्कार करायचे, मग आम्ही त्यांना. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मोठ्या माणसाने वाकून नमस्कार केला तो त्या गोदामात.

थांबायचं म्हणजे काय, ते आगपेटीवर कळलं. गोदामाच्या आढ्याला अप्पांनी सुतळ्या बांधल्या होत्या आणि प्रत्येक सुतळीला एक आगपेटी. कुणाच्या उंचीला कुठली, ते ठरलेलं. तळपायाला खडूची पूड लावायची आणि आगपेटीवर पूर्ण जोराने किक मारायची. पण पाय आगपेटीच्या बोटभर अलीकडे थांबला पाहिजे. वाऱ्याने आगपेटी हलली पाहिजे, पायाने नाही. आगपेटीवर पांढरा डाग दिसला की पुन्हा पहिल्यापासून.

"पाय फेकायला गाढवाला बी येतं," अप्पा म्हणायचे. "परत आणायला माणूस लागतो."

मला हे जमायला दीड वर्ष लागलं. जमलं तेव्हा मी धावत सांगायला गेले. अप्पांनी आगपेटी सुतळीवरून काढली, चारही बाजूंनी बघितली, परत बांधली. "हां. उद्या ये," म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक कुणीच ऐकलेलं नाही. काही पोरं तर "हां" एवढ्यावरच घरी नाचत गेलेली मला माहीत आहेत.

स्वतः अप्पा मारायचे तेव्हा आम्ही श्वास धरून बघायचो. ढगळ पायजमा, सुटलेलं पोट, आणि त्यातून तो उजवा पाय अचानक वर यायचा. फट् असा कापडाचा आवाज. आगपेटी थरथरायची. आम्ही जाऊन बघायचो, डाग नाही. एकदा त्यांनी सलग शंभर मारल्या. शंभरावी मारताना बाहेरून गिऱ्हाईक ओरडलं, "अप्पा, कासरा!" अप्पांनी पाय हवेत तसाच ठेवून उत्तर दिलं, "आलोच!" आणि मग खाली घेतला. आगपेटी कोरी.

*

मी नववीत गेले त्या वर्षी आमच्या शाळेत मुलींची फुटबॉल टीम काढायचं ठरलं. पूर्णेला रेल्वेचं मैदान आहे, पोरांचा फुटबॉल तिथे जुना. पोरींचा मात्र नव्हता. खेळाचे गफार सर वर्गावर्गातून मुली गोळा करत फिरत होते. कबड्डीत मला पळताना बघितलं आणि म्हणाले, "बेटी, तू किसके पीछे दौड़ के इत्ता तेज हुई?"

मी म्हटलं, "मेंढरामागं, सर."

"बस. अब बॉल के पीछे दौड़."

मला मैदान आवडलं. उगीच कशाला लपवू, लय आवडलं. गोदामात चार भिंती होत्या, इथे आभाळ होतं. अकरा जणी एकदम ओरडायच्या. फक्त एक अडचण झाली. गफार सरांनी बॉल ठेवला, समोर गोल रिकामा, मी धावत गेले, पाय मारला आणि पाय बॉलच्या बोटभर अलीकडे थांबला.

सगळ्या पोरी हसून खाली बसल्या.

"कायकू रुकी बेटी?" गफार सर ओरडले. "मार ना उसको! वो तेरा मामू लगता क्या?"

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. चार वर्षं रोज शंभर वेळा मी त्या पायाला थांबायला शिकवलं होतं, तो इमानदारीने थांबत होता. पुढचे पंधरा दिवस मी सकाळी मैदानावर त्याला न थांबायला शिकवलं. सोळाव्या दिवशी बॉल जाळीत गेला. पोरींनी मला उचललं.

अप्पांना मी काही सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात गोदामात जोडीने सराव चालला होता. माझी जोडीदार ज्योती, रेल्वेतल्या गँगमनची मुलगी, पाचवीपासून माझ्यासमोर उभी राहणारी. आम्ही एकमेकींच्या तोंडावर रोज किक मारायचो आणि डोळे उघडे ठेवायचो, कारण पाय बोटभर अलीकडे थांबणार हे आम्हाला आमच्या नावासारखं माहीत होतं. मी किक मारली. पाय थांबला नाही.

ज्योतीचा ओठ फाटला, पुढचा दात हलला. ती रडली नाही. तोंडावर हात धरून माझ्याकडे बघत राहिली. दुखण्यापेक्षा तिला नवलच जास्त वाटलं होतं.

अप्पांनी आधी तिचं तोंड धुतलं, काकूंनी हळद लावली, एका पोराला बरोबर देऊन तिला दवाखान्यात पाठवलं. मग माझ्याजवळ आले. आवाज चढलेला नव्हता.

"बॉल खेळायलीस का माय?"

मी मान हलवली.

"किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

"आवडायलं का?"

या प्रश्नावर मात्र मी रडले. कारण आवडत होतं आणि ज्योतीचं रक्त सारवलेल्या जमिनीवर दिसत होतं.

डिसेंबरात माझी ब्लॅक बेल्टची परीक्षा होती, नांदेडला. हैदराबादचे उस्ताद घ्यायला येणार होते. अप्पांच्या हाताखालून तोवर एकही मुलगी तिथपर्यंत गेली नव्हती. आणि त्याआधी जिल्ह्याची फुटबॉल स्पर्धा. तालुक्याला मुलींची दुसरी टीमच नव्हती, म्हणून आम्ही न खेळताच थेट जिल्ह्याला जाणार होतो. दोन्हीकडे एकच उजवा पाय लागणार होता. एका ठिकाणी तो थांबला तर हसू व्हायचं, दुसऱ्या ठिकाणी नाही थांबला तर कुणाचा तरी दात जायचा. आणि अप्पांचा नियम सगळ्यांना माहीत होता. ज्याचा पाय थांबत नाही त्याला परीक्षेला पाठवायचं नाही, आणि कुणाच्या समोरही उभं करायचं नाही.

जो तो सल्ला द्यायला लागला. गफार सर म्हणाले, कराटे नक्को, बॉल पकड़. आई म्हणाली, दोन्ही सोड, दहावी जवळ आली. बाबांनी मला घेऊन दुकान गाठलं.

"अप्पा, तुमी म्हणाल ते. एकच कायतरी धर म्हणावं तिला."

मलाही वाटत होतं, अप्पांनी सांगून टाकावं. बॉल सोड म्हणाले असते तर मी सोडला असता. त्या दिवशी तरी नक्की.

अप्पांनी हातातला सुतळीचा गुंडा वळून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मला ठाव न्हाई."

"म्हंजे?"

"एका पायात दोन्ही बसतंय का न्हाई, मला ठाव न्हाई, बाबा. मी कदी बॉल खेळलो न्हाई. अंगाला विचारून सांगतो. मला महिनाभर द्या."

बाबांना वाटलं, अप्पा टाळायलेत. मलाही तेच वाटलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मैदानावर गेले तर गोलपोस्टजवळ अप्पा उभे. अंगात पायजमा, पायात कॅनव्हासचे नवे बूट, कपाळावर ताजं भस्म. लिंगपूजा करून आले होते. गफार सर कंबरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होते.

"क्या अप्पा, तुमारी उमर में लोगां तीरथ को जाते."

"जाऊन आलो, सर. आता इथं आलो. बॉल कसा मारायचा, सांगा."

पन्नाशीचं माणूस, गावात ज्याला लोक वाट देतात, ते पोरांच्या रांगेत उभं राहून बॉलला पाय लावायला शिकत होतं. पहिल्या दिवशी त्यांचाही पाय बॉलच्या अलीकडे थांबला. पोरं हसली. रेल्वे कॉलनीतलं एक कार्टं ओरडलं, "अप्पा, बॉलला नमस्कार केला का?" अप्पांनी त्याच्याकडे बघून गंभीरपणे मान हलवली, जणू त्याने कामाची सूचना केली होती. दुसरी मारली. ती पण थांबली. बॉल हलला मात्र, वाऱ्याने.

रोज सकाळी सहा ते साडेसात. दुकान आठऐवजी नऊला उघडायला लागलं. काकू दारात उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या, "मालक कुठं म्हणून इचारू नका. मालक बॉलमागं पळायलेत. उद्या गोट्या खेळतेल." अप्पा यायचे ते घामाने निथळत, एक पाय ओढत, आणि निमूट गल्ल्यावर बसायचे. सकाळी मैदान, संध्याकाळी गोदाम. सकाळी पायाला फेकायला शिकवायचं, संध्याकाळी परत आणायला. मी करत होते तेच, तसंच. फक्त माझं वय चौदा होतं.

आठव्या-नवव्या दिवशी त्यांचा बॉल जाळीत गेला. गफार सरांनी टाळ्या वाजवल्या. अप्पा हसले नाहीत, कान देऊन काहीतरी ऐकत असल्यासारखे स्वतःच्या पायाकडे बघत राहिले.

त्याच संध्याकाळी गोदामात ते आगपेटीसमोर उभे राहिले. आम्ही सगळे नेहमीसारखे बघायला थांबलो. पाय वर आला. फट् आवाज आला आणि आगपेटी फुटली. काड्या सगळ्या जमिनीवर.

मी सुतळीकडे बघत होते. ती रिकामी झुलत होती.

अप्पा खाली बसले. एक एक काडी वेचली, सगळ्या वेचून होईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. मग उठून म्हणाले, "बघा. गेला. पंचवीस वर्षांचा पाय नऊ दिवसांत गेला." आवाजात दुःख नव्हतं. बातमी सांगावी तसं सांगितलं.

पुढे त्यांनी जे केलं ते आजही मला धड सांगता येत नाही. त्यांनी कंबरेचा काळा पट्टा सोडला, घडी घातली, सुतळीच्या थप्पीवर ठेवला. कोपऱ्यातल्या पेटीतून नवीन पोरांना देतात तो पांढरा पट्टा काढला, बांधला, आणि चालत ओळीच्या शेवटी गेले. तिथे तिसरीतला एक नवा पोरगा उभा होता. त्याच्याही मागे उभे राहिले.

"पाय थांबत न्हाई त्यानं पुढं राहायचं न्हाई," शेवटून त्यांचा आवाज आला. "पुढं कोण हाय आता? सविता, सूचना दे."

ओळीत सगळ्यात पुढे मी होते. तपकिरी पट्ट्याची.

मेंढरं राखणाऱ्याची पोर मी. माझ्या घरात कुणी कधी कुणाला सूचना दिलेली नव्हती, ऐकलेल्याच होत्या. आणि शेवटी उभे होते ते माझे गुरू.

"दे ना माय. लेकरं थांबलीत."

मी सूचना दिली. वीस पोरांबरोबर अप्पा वाकले. मला नमस्कार करायला.

*

त्या दिवशी घरी जाऊन मी ठरवून टाकलं, फुटबॉल बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर न जाता सरळ दुकानात गेले; अप्पा मैदानाकडे निघायच्या बेतात होते. "अप्पा, मी बॉल सोडला. तुमी पट्टा बांधा."

त्या माणसाला मी रागावलेलं एकदाच बघितलं, ते तेव्हा. हातातला कासरा त्यांनी गल्ल्यावर आपटला.

"तुला वाटायलंय मी तुझ्यासाठी गेलो? मला ठाव नव्हतं म्हणून गेलो! शिकवणाऱ्याला ठाव नसंल तर त्यानं जाऊन बघावं, का अंदाजानं लेकराला सांगावं, हे सोड अन् ते धर? माझा महिना झाला न्हाई अजून. जा, मैदानावर जा. उशीर झालाय तुला."

काकू आतून बाहेर आल्या होत्या. मला वाटलं, त्या तरी माझ्या बाजूने बोलतील. त्यांनी माझ्या हातावर गूळ ठेवला आणि म्हणाल्या, "जा गं. एकदा इचारायला घेतलं की मधी सोडत न्हाईत ते. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

मी गेले. मैदानावर अप्पा माझ्या आधी पोचले होते. कसे, देव जाणे. सायकलवर आले असतील.

महिना संपला त्या संध्याकाळी अप्पांनी बाबांना बोलावून घेतलं. बाबा गोदामात पहिल्यांदाच आले, चपला बाहेर काढून थप्पीला टेकून उभे राहिले. अप्पांनी जमिनीवर खडूने दोन पावलं काढली. एक आगपेटीच्या खाली जवळ, एक बरंच मागे.

"सविता, इकडं ये. मारणाऱ्या पायाकडं बघू नको. मी पंचवीस वर्षं त्याच्याकडंच बघत आलो, तिथं चुकलो. मारणारा पाय आंधळा हाय. त्याला बॉल कळत न्हाई अन् माणूस कळत न्हाई. कळतं उभ्या पायाला. बॉल मारताना उभा पाय बॉलच्या शेजारी टेकतो, बघितलंस? इथं मारताना तो मागं असतो. तुझी गफलत अशी हुती की मैदानावरून येताना तू तो शेजारी टेकवायची सवय घेऊन आलीस. मी बी तेच केलं. मागं टेक. पाय आपसूक थांबतो."

मी मागच्या खुणेवर पाय टेकवला. मारली. आगपेटी थरथरली. अप्पांनी काढून बघितली, चारही बाजूंनी. बाबांना दाखवली. बाबांना त्यातलं काही कळलं नसावं, पण त्यांनीही चारही बाजूंनी बघितली.

"म्हंजे दोन्ही जमतंय?" बाबांनी विचारलं.

"जमतं. पण दुप्पट मरण हाय. रोज बॉल खेळून आली की घरी जायच्या आधी शंभर थांबवायच्या, एक बी कमी न्हाई. ज्या दिवशी कंटाळा करंल त्या दिवशी ज्योतीसमोर उभं राहायचं न्हाई. आता करायचं का न्हाई, ते तिनं ठरवावं. मी सांगायचं ते सांगितलं."

"अन् तुमचा पाय, अप्पा?" मी विचारलं.

"माझा शंभरात नव्वद येळा थांबतो."

"नव्वद म्हंजे लय झाले की!" बाबा म्हणाले.

"ते धा कुणाच्या तोंडावर मारू, बाबा?"



मी दोन्ही धरलं. मला वाटतं मी पाचवीपासून घेतलेल्या निर्णयांतला तो पहिला माझा निर्णय होता, कारण सांगणाऱ्याने उत्तर देऊनसुद्धा माझ्यासाठी जागा ठेवली होती. जिल्ह्याला आम्ही जिंकलो, विभागाला पाच गोलांनी हरलो. खोटं कशाला सांगू, धुतलं त्यांनी आम्हाला. त्या हरलेल्या दिवशीही परत आल्यावर मी गोदामात जाऊन शंभर मारल्या. अप्पा शेवटच्या जागेवर, पांढऱ्या पट्ट्यात, आपल्या शंभर मारत होते.

डिसेंबरात नांदेडला हॉल भरलेला होता. हैदराबादचे उस्ताद म्हातारे, ताठ, पांढरी दाढी. आमची ओळ बघत आले आणि शेवटी थबकले.

"ये सफेद पट्टेवाले बुजुर्ग कौन? नये दाखिल हुए क्या?"

ज्योतीने सांगितलं, "हमारे सर हैं."

उस्तादांनी जवळ जाऊन चेहरा निरखला. "मन्मथ? ये क्या तमाशा है? बच्चों के सामने पट्टा बांध."

अप्पा वाकले. "पाय परत आला की बांधतो, उस्ताद." उर्दू चांगलं येत असूनही ते त्या दिवशी मराठीत बोलले, आम्हाला सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग जिथे अप्पा उभे होते त्या शेवटच्या जागेसमोर उस्ताद स्वतः वाकले.

शेवटचा भाग जोडीदाराच्या तोंडावरच्या किकचा. मी ज्योतीला म्हटलं होतं, तू नको, दुसरी कुणी उभी राहील. ती म्हणाली, "येडी हायेस का? दात माझा हालला, तर बघायचा हक पण माझाच." ती उभी राहिली. डोळे उघडे ठेवून. मी उभा पाय मागे टेकवला आणि मारली. तिच्या कपाळावरची बट हलली. बाकी काही हललं नाही.

पट्टा उस्तादांनी माझ्या कंबरेला बांधला. मी शेवटच्या जागेकडे बघितलं. अप्पांनी मान हलवली. "हां," एवढंच ओठांवर दिसलं.

*

नंतर मी परभणीला कॉलेजला गेले, तिथेच नोकरीला लागले. अप्पा अजून ओळीच्या शेवटी उभे राहून शिकवतात. नवीन पोरांना वाटतं, हीच पद्धत असते. काळा पट्टा दुकानात देव्हाऱ्याखाली घडी घालून ठेवलाय, काकू दर दिवाळीला त्याला ऊन दाखवतात. मागच्या वर्षी मी विचारलं, "अप्पा, आला का पाय?" तर म्हणाले, "पंच्याण्णववर आलाय. घाई न्हाई."

या उन्हाळ्यात सुट्टीला आले होते. सकाळी दळण टाकायला जाताना मैदानावरून गेले, तर पोरांचा खेळ रंगात आला होता आणि त्यात पांढरा पायजमा. अप्पा. महिनाभरापुरते गेलेले अप्पा पुन्हा मैदानाबाहेर आलेच नव्हते. डाव्या बाजूला बचावाला उभे होते, साठीजवळ आलेले, आणि आठवीतली पोरं त्यांच्यावर ओरडत होती, "अप्पाऽ, पास द्या ना! किती विचार करायलात!"

बॉल त्यांच्याकडे आला. त्यांनी उभा पाय शेजारी टेकवला आणि असा हाणला की बॉल पोरांवरून, गोलवरून, कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे गेला, जिथे रेल्वेच्या मालाचं रिकामं आवार आहे. "ज्यानं मारला त्यानं आणायचा!" पोरं एका सुरात ओरडली. अप्पांनी वाद घातला नाही. भिंतीपाशी गेले. दोन पोरांनी हाताची बोटं गुंफून पायरी केली, अप्पांनी तिच्यावर उजवा पाय ठेवला, एकदा थांबून तो नीट बसलाय का बघितलं, आणि भिंतीवर चढून पलीकडे उतरले.

मी दळणाचा डबा डोक्यावर घेऊन उभी होते. हाक मारावीशी वाटली, मारली नाही.

आधी बॉल आला. भिंतीवरून उंच, उन्हात. सगळी पोरं त्याच्यामागे ओरडत पळाली आणि भिंतीकडे बघायला कुणी उरलं नाही. मी बघत राहिले. थोड्या वेळाने भिंतीच्या काठावर दोन हात दिसले.